विद्यापीठातल्या नाटक-संगीताला आणि नाट्यगृहांना देणगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मराठवाड्यातल्या एका नाट्यशास्त्र विभागाचे माजी विद्यार्थी. कुणी शाळेत शिकवतो, कुणी बँकेत आहे, एक जण कृषी सेवा केंद्र चालवतो. दिवाळीनंतर आणि पुन्हा मार्च संपायच्या आत आम्ही कलाविभागांसाठी देणग्या मागत फिरतो. घरोघरी चहा होतो आणि चहासोबत तेच ते प्रश्न येतात. तोंडी उत्तरं देताना आम्ही फार पाल्हाळ लावतो, अशी घरच्यांची तक्रार आहे. म्हणून एकदाची लिहून काढली. लिहितानाही पाल्हाळ लागलाच.

इथे प्यायला पाणी नाही आणि तुम्ही नाटकाला पैसे मागता? आधी पोटोबा, मग विठोबा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा चिडलेला नसतो, काळजीत असतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी आलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांना आम्ही कोणत्या तोंडाने नाटक सांगणार? २०२५ च्या सप्टेंबरात त्याच पट्ट्यात उभी पिकं पाण्याखाली गेली. तुमच्याकडे द्यायला एकच नोट असेल तर ती पूरग्रस्ताला किंवा छावणीला द्या. आम्ही चहा पिऊन पुढच्या घरी जाऊ.

पण एक गोष्ट सांगून मगच उठतो. नाट्यशास्त्राला, संगीताला येणारी पोरं याच घरांतली आहेत. बाप कोरडवाहू शेती करतो, आई सहा महिने ऊसतोडीला, आणि पोरगा शहरात खोली करून राहतो. सकाळी वर्ग, दुपारी कुठल्यातरी दुकानात काम, रात्री तालीम. यात जेवणाची एक वेळ सहज गळते. आमच्या दोन बॅच आधीचा एक गुणी नट मेसचं बिल थकलं म्हणून गावी गेला, तो परत आलाच नाही. त्यामुळे या विभागांत पोटोबा आणि विठोबा एकाच खोलीत राहतात. आमच्याकडे येणाऱ्या पैशांतला मोठा वाटा मेसवाल्याला जातो, आणि आम्हाला त्याची लाज वाटत नाही.

विद्यापीठाला सरकार पैसे देतंच की. मग तुम्ही कशाला?

सरकारी अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगाराला लागतं. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात, त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. नाटक हा विषय मात्र नुसता फळ्यावर शिकवता येत नाही. त्याला लाकूड लागतं, कापड लागतं, दिवे लागतात, रंग लागतो, आणि परीक्षेचा प्रयोग म्हणजे शंभर माणसांसमोरचा खराखुरा प्रयोग असतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला कुणी ‘ॲसिड घरून आण’ म्हणत नाही. नाटकाच्या विद्यार्थ्याला मात्र ‘साडी आईची आण, खुर्ची मालकिणीची आण’ हे सर्रास ऐकावं लागतं.

नेमकं कोणत्या विद्यापीठाला द्यायचं? आमचं विद्यापीठ कोणतं?

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येतात. ते १९५८ चं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात, ते १९९४ पासूनचं. पहिल्यात नाट्यशास्त्र, संगीत आणि ललित कला असे विभाग आहेत. नांदेडला ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. याशिवाय संभाजीनगरात एमजीएम हे खासगी विद्यापीठ आहे, तिथलं महागामी गुरुकुल कथक आणि ओडिसीसाठी ओळखलं जातं. काही संलग्न महाविद्यालयांत बी.ए.ला नाट्यशास्त्र किंवा संगीत घेता येतं, आणि खरं तर सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच असते. विद्यापीठाच्या विभागाकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. तालुक्याच्या कॉलेजातला संगीताचा एकटा प्राध्यापक स्वतःच्या पगारातून तबल्याची शाई भरून घेतो.

चेक कुणाच्या नावाने काढायचा?

विभागप्रमुखांच्या नावाने कधीच नाही. ते कितीही भले असोत, तुमचे वर्गमित्र असोत. विद्यापीठाला द्यायचं असेल तर वित्त व लेखा विभाग सांगेल त्या नावाने आणि खात्यात, सोबत एक साधं पत्र: ही रक्कम अमुक विभागाच्या अमुक कामासाठी आहे. हे पत्र नसेल तर पैसे सर्वसाधारण निधीत जमा होतात आणि मग ते शोधायला भगीरथ लागतो. मोठ्या देणग्या, जमीन, कायमस्वरूपी निधी हे सगळं स्वीकारण्याचा अधिकार विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेकडे असतो. म्हणजे विषय बैठकीत येणार, ठराव होणार, त्याला वेळ लागणार. हा वेळ धरूनच चाला. वडिलांच्या वर्षश्राद्धाला पारितोषिक जाहीर करायचं असेल तर श्राद्धाच्या आठवड्यात नव्हे, सहा महिने आधी अर्ज करा.

कॉलेज एखाद्या शिक्षण संस्थेचं असेल तर ती संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते. पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला आहे का, एवढं बघून घ्या.

आईच्या नावाने सुवर्णपदक ठेवायचं आहे. चांगली कल्पना आहे ना?

कल्पना मनापासूनची आहे, पण जरा हिशेब करू. समजा तुम्ही एक लाख रुपये ठेव म्हणून दिले. साडेसहा टक्क्यांनी वर्षाला साडेसहा हजार रुपये येतील. त्यात सोनं येत नाही. १९९५ च्या सुमारास दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आत मिळायचं. २०२५ मध्ये ते लाखावर गेलं. तेव्हा ज्यांनी ठेव ठेवली त्यांच्या पदकावर आज सोन्याचं पाणी तरी चढतं का, हे विचारायला आम्हाला संकोच वाटतो.

शिवाय पदक मिळतं ते पहिल्या आलेल्याला. त्याचं निभावलेलं असतं. गळतो तो मधला. आईच्या नावाने पदकाऐवजी ‘प्रयोग साहाय्य’ ठेवा: दरवर्षी ठेवीच्या व्याजातून एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या प्रयोगाचा कापड-लाकडाचा खर्च. पाच लाखांच्या ठेवीवर साडेसहा टक्क्यांनी ३२,५०० रुपये होतात, त्यात एक साधा, नेटका प्रयोग उभा राहतो. पत्रिकेवर आईचं नाव छापलं जाईल, आणि प्रयोगाआधी कुणीतरी ते माइकवर मोठ्याने वाचेल. दीक्षांत समारंभात यादी वाचताना नाव पळतं, इथे ते थांबून वाचतात.

ठेव ठेवताना करारात एक वाक्य घालाच: व्याजातला काही हिस्सा दरवर्षी मुद्दलात परत जाईल. नाहीतर पंधरा वर्षांनी तुमच्या व्याजात फक्त खिळे येतील.

एकदम निधी ठेवावा की थोडं थोडं दरवर्षी द्यावं?

नोकरदाराने दरवर्षी द्यावं. महिन्याला हजार रुपये म्हणजे वर्षाला बारा हजार, आणि विभागाला ते नियमित मिळणार हे माहीत असलं की ते त्यावर बेत आखू शकतात. निवृत्तीचे पैसे एकदम हातात आले असतील तर निधी. पण निवृत्तीचे सगळे पैसे देऊ नका, हे आम्ही हात जोडून सांगतो. दोनदा सांगावं लागलं आहे.

आयकरात सवलत मिळते का?

मिळते, पण लोकांना वाटते तेवढी नाही, आणि सगळ्यांना नाही. सगळे जिला ‘८०जी’ म्हणतात ती सवलत १९६१ च्या कायद्यातली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला, त्यात कलमांचे आकडे बदलले, पण बोलताना नाव ८०जीच राहिलं आहे.

पहिली अट: तुम्ही जुन्या करप्रणालीत असायला हवं. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. आता बहुतेक पगारदार नव्या प्रणालीत गेलेत, त्यामुळे दहातल्या सात घरांत हा प्रश्न इथेच संपतो. दुसरी अट: संस्थेकडे त्या कलमाखालची मान्यता हवी. तिसरी: दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर त्या रोखीवर वजावट नाही. यूपीआय करा, चेक द्या. चौथी: वस्तूंवर वजावट नाही. तुम्ही पन्नास हजारांची वाजवायची पेटी दिलीत तर पुण्य मिळेल, वजावट मिळणार नाही.

आता आकडा. पन्नास हजार दिले तर सर्वसाधारण संस्थेच्या बाबतीत निम्मे, म्हणजे पंचवीस हजार, उत्पन्नातून वजा होतात. त्यालाही एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची वरची मर्यादा आहे. वीस टक्क्यांच्या पट्ट्यातल्या माणसाचे सेससकट ५,२०० रुपये वाचतात. म्हणजे तुमचे पन्नास हजार तुम्हाला ४४,८०० ला पडले. साधारण दहा टक्के चोपडीचे, बाकी मनाचे. पावतीवर विसंबू नका. संस्थेने तुमचं नाव आयकर खात्याला कळवून प्रमाणपत्र द्यायला हवं, लोक त्याला ‘१०बीई’ म्हणतात. ते मागून घ्या.

मला गुप्तदान करायचं आहे.

मराठवाड्यात हे फार ऐकू येतं, आणि ऐकून बरं वाटतं. नाव फलकावर नको, पत्रिकेत नको, कुणी सत्कार करायला नको, हे सगळं होऊ शकतं. पण संस्थेच्या वहीत मात्र नाव-पत्ता लागतोच. निनावी देणग्या एका मर्यादेच्या वर गेल्या तर न्यासाला त्यावर तीस टक्के कर बसतो. म्हणजे पाकिटात पैसे घालून खिडकीतून टाकलेत तर तुमच्या गुप्ततेचा भुर्दंड पोरांना. देव पाहतो, तसं लेखापालानेही पाहू द्या.

उलट मला नाव हवं आहे. हॉलला आजोबांचं नाव देता येईल का?

येईल, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जालन्याच्या नाट्यगृहाला गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे, परभणीच्या सभागृहाला कवी-कादंबरीकार बी. रघुनाथांचं. तिथे मान कलावंताला दिला आहे, हा धडा आम्हाला आवडतो. पण देणाऱ्याचंही नाव लागावं.

दोन गोष्टी बघा. एक, नुसतं कृतज्ञतेने नाव लिहिलं तर त्यावर जीएसटी लागत नाही. ११ ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाने हे स्पष्ट केलं आहे. पण पाटीवर ‘अमुक ट्रॅक्टर्स, सर्व प्रकारचे सुटे भाग मिळतील’ असं आलं की ती जाहिरात झाली आणि हिशेब बदलला. दोन, नाव किती वर्षांसाठी, ते आधी ठरवा. आम्ही वीस वर्षं सुचवतो. त्यानंतर पुढच्या पिढीला वाटलं तर ती देईल. कायमचं नाव म्हणजे गळक्या छपराखालीही तुमच्या आजोबांचं नाव.

मग नाट्यगृह बांधायलाच देऊ का? एकदाच काय ते ठोस.

इथे आमचं उत्तर लांबतं, बसा.

इमारत दिसते. तिचं भूमिपूजन होतं, फोटो येतो. म्हणून देणगीचा पहिला ओढा इमारतीकडे असतो. पण मराठवाड्यात नाट्यगृहांची दुखणी बांधकामाची कमी आणि चालवण्याची जास्त आहेत. संभाजीनगरातलं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद होतं, तेव्हा त्या शहरात नाटकवाल्यांची काय तारांबळ उडाली हे तिथल्या कुणालाही विचारा. आणि नाट्यगृह चालू असलं तरी विद्यार्थ्यांना ते परवडेल असं नाही. भाडं, वर जनरेटरचं डिझेल, वर ध्वनीवाल्याचे पैसे. मे महिन्यात एसी बंद असेल तर पहिल्या अंकातच प्रेक्षक पत्रिकेने वारा घेतात आणि नटाला वाटतं टाळ्या चालल्यात.

आमचाच एक फजितीचा किस्सा. आमच्या बॅचने मोठ्या हौसेने पैसे जमवून एका कॉलेजला नवे एलईडी दिवे दिले. हारतुरे झाले. पुढच्या वर्षी एकांकिकेला गेलो तर रंगमंचावर दोन जुने पिवळे हॅलोजन. आमचे दिवे कपाटात. का? तर ते चालवायला लागणारा कन्सोल आम्ही दिलाच नव्हता, वायरिंगचा लोड पुरत नव्हता आणि ज्या शिपायाला थोडंफार कळत होतं त्याची बदली झाली होती. दोन पावसाळ्यांनी बघितलं तर उंदरांनी केबल खाल्ली होती. चूक कॉलेजची होती का? आम्ही बरेच दिवस तसंच म्हणत होतो. खरं तर आम्ही म्हैस दिली आणि वैरणीचं विचारलंच नाही.

तेव्हापासून आमचा एक घरगुती नियम आहे: शंभर रुपयांची वस्तू दिली की तीस रुपये तिच्या मागे ठेवायचे. दुरुस्तीला, बसवायला आणि ती वापरायला कुणाला तरी शिकवायला. देणगीदार कुरकुरतात, कारण त्या तिसाचा फोटो निघत नाही.

आणि मोठं प्रेक्षागृह कशाला, हाही प्रश्न आहेच. शिकणाऱ्याला लागतो तो तालमीचा हॉल. लाकडी जमीन असलेला, काळ्या पडद्यांचा, ऐंशी-शंभर माणसं बसतील एवढा, रात्री अकरापर्यंत उघडा. आठशे खुर्च्यांचं सभागृह वर्षातले बहुतेक दिवस लग्नं, मेळावे आणि सत्कारांना जातं, आणि तालीम चालते व्हरांड्यात. आमच्या पिढीतले निम्मे नट व्हरांड्यात घडलेत. आवाज मोठा झाला, हा एवढाच फायदा.

आगीचं विसरू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, एका रात्रीत. नाट्यगृहात लाकूड, कापड, जुन्या वायरी आणि तापलेले दिवे एकत्र नांदतात. अग्निरोधक पडदे, चांगलं वायरिंग, विमा, आणि आगीच्या यंत्रणेचं कायद्याने सांगितलेलं दर जानेवारी-जुलैचं प्रमाणपत्र: यांपैकी एकाचा खर्च तुम्ही उचलला तर ते आमच्या लेखी नव्या कमानीपेक्षा मोठं दान. कमानीवर नाव तसंच देऊ.

कोणत्या नाटकाला पैसे द्यायचे, हे मी ठरवू शकतो का?

नाही. ‘बालनाट्यासाठी’, ‘लोककलेसाठी’, ‘नवीन लेखनासाठी’ असं क्षेत्र सांगा, हरकत नाही. पण संहिता वाचायला मागू नका. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहेच. दुसरं मंडळ तुमच्या दिवाणखान्यात नको. एका काकांनी देणगीसोबत स्वतःचं पौराणिक नाटक दिलं होतं, पाच अंकी. देणगी परत केली. नाटक अजून आमच्याकडे आहे, ते घ्यायला काका येत नाहीत.

आमच्या समाजाच्या मुलांसाठीच शिष्यवृत्ती ठेवता येईल का?

अमुक एका जातीच्या किंवा धर्माच्या लोकांपुरतीच असलेल्या संस्थेला ८०जी मान्यता मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचा निधी मात्र कायद्याला चालतो. कायदा बाजूला ठेवला तरी आमचं मत असं: तालमीत जो पाणी देतो, जो पडदा ओढतो आणि जो राजा होतो, ते सगळे एकाच डब्यातून जेवतात. मराठवाड्यात अशा जागा थोड्या आहेत. तिथे ताटं वेगळी करू नका. ‘कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलांसाठी’, ‘पहिल्या पिढीत पदवीला आलेल्यांसाठी’ असं लिहा. ज्यांच्यापर्यंत पैसे जावेत असं तुम्हाला वाटतं, त्यांच्यापर्यंत ते जातील.

मुलींसाठी काही वेगळं करता येईल?

रिक्षाभाडं. ऐकायला किरकोळ वाटतं. तालीम रात्री साडेनऊ-दहाला सुटते, वसतिगृहाचं दार त्याआधी बंद होतं, शहराबाहेर खोली असेल तर घरचे तिसऱ्या दिवशी ‘नाटक सोड’ म्हणतात. मग दिग्दर्शक मुलीचं काम कापतो किंवा मुलाला लुगडं नेसवतो. एका सत्राचं ठरलेल्या रिक्षावाल्याचं भाडं आणि वसतिगृहाला उशिराच्या परवानगीचं पत्र, एवढ्यावर आम्ही तीन मुली शेवटच्या वर्षापर्यंत टिकलेल्या पाहिल्या आहेत. सोबत स्वच्छ रंगपट आणि चालू कडी असलेलं स्वच्छतागृह. याला देणगीदार मिळत नाहीत, कारण ‘यांच्या सौजन्याने’ असं त्या दारावर लिहून घ्यायला कुणी तयार नसतं.

लोककलावंतांना यातून काही मिळतं का?

मिळायला हवं, आणि हा आमचा हळवा कोपरा आहे. नाथांनी पैठणला भारुडं लिहिली ती सोळाव्या शतकात, तीही गोंधळी, वासुदेव, जोशी यांच्या तोंडची. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ देशभर नेला. ही विद्या ज्यांच्याकडे आहे ते आज साठीच्या पुढे आहेत आणि त्यांच्याकडे पदवी नाही, म्हणून त्यांना शिक्षक म्हणून नेमता येत नाही. तिथे देणगी उपयोगी पडते: पाहुणे गुरू म्हणून पंधरा दिवस राहणं, प्रवास, सन्मानाचं मानधन आणि नीट ध्वनिमुद्रण. मानधन त्याच दिवशी हातात. संबळ वाजवून गेलेल्या माणसाला तीन महिने बिलाच्या मागे फिरवणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक अट आम्ही घालतो. कलावंताची लेखी संमती, आणि एक प्रत त्याच्या घरी.

पोरं शिकून मुंबईला जातात. आमचे पैसे मुंबईलाच गेले की.

काही जातात. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी औरंगाबादच्या ‘जिगीषा’ या नाट्यसंस्थेतूनच मुंबईला गेले आणि मराठी रंगभूमीला त्याचा फायदाच झाला. पण जाणारे मोजके. बाकीचे इथेच असतात. शाळेत, कॉलेजात, युवक महोत्सवाच्या तालमीत, राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर, आकाशवाणीच्या हंगामी कामात. तुमच्या मुलीने गॅदरिंगला जे नाटुकलं केलं ना, ते बसवणारे सर कुठून आले, एकदा विचारा.

आमची कंपनी आहे. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून, होईल का?

निव्वळ नफा पाच कोटी, उलाढाल हजार कोटी किंवा नक्त मालमत्ता पाचशे कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठली की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. शिक्षण त्यात बसतं, आणि कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कलांचा विकास हेही बसतं. वाळूज-शेंद्र्याच्या आणि जालन्याच्या उद्योगांना आम्ही हेच सांगतो. घेणारी संस्था सीएसआर-१ नोंदणीची हवी. एकांकिका करंडकावर कंपनीचा लोगो मात्र यात धरता येत नाही. एकदाच होणारा कार्यक्रम आणि जाहिरातीसाठीचं प्रायोजकत्व सीएसआर नाही. ते जाहिरातीच्या खर्चात टाका आणि खुशाल लोगो लावा.

मुलगा अमेरिकेत आहे. त्याला पाठवता येतील?

त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या कमाईचे, बँकेमार्फत आले, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, धरली जाते. मग न्यासाकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. तालुक्याच्या संस्थेकडे हे सहसा नसतं. मुलाला आधी विचारायला सांगा, मग पाठवायला.

मृत्युपत्रात लिहून ठेवलं तर?

चालतं. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. विद्यापीठाचं पूर्ण नाव लिहा. ‘मराठवाडा विद्यापीठ’ एवढंच लिहिलं तर दोन दावेदार निघतील. आणि घरच्यांना जिवंतपणी सांगा. तेराव्याला कळलं की नाटक वाड्यातच सुरू होतं.

पैसे नीट वापरले हे कसं कळेल?

उपयोगिता प्रमाणपत्र मागा. विद्यापीठाचे लेखे तपासले जातात, वार्षिक लेखे अधिसभेपुढे येतात. तरी समाधान झालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपयांचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पण या सगळ्याआधी एक सोपा उपाय आहे: प्रयोगाला जा. आमंत्रणाची वाट न बघता, तिकीट काढून, मागच्या रांगेत बसा. तुम्ही दिलेला पडदा वेळेवर उघडला की नाही ते तिथे दिसतं.

पैसे नाहीत, पण घरात जुन्या वस्तू आहेत. चालतील?

चालतील, पण आधी फोटो पाठवा. नऊवार लुगडी, धोतरं, फेटे, कंदील, पितळी तांब्या, लाकडी आरामखुर्ची, चाव्यांचा जुडगा, चालू स्थितीतला टाइपरायटर, जुनी ट्रंक हे सगळं हवं आहे. काळ्या डायलचा फोन असेल तर आम्ही स्वतः न्यायला येतो. पेटी असेल तर भाता फाटलेला असला तरी चालेल, दुरुस्त करणारा माणूस लातूरला सापडला आहे. फ्रिज, सोफा आणि सासूबाईंचं दिवाण नको, ठेवायला जागा नाही. जातंही सध्या नको. चार झालीत, आणि पोरं म्हणतात पुढच्या नाटकात पाच बायका दळताना दाखवाव्या लागतील.